चार्ल्स आल्डर्सन जेनवे

चार्ल्स आल्डर्सन जेनवे (जन्म : न्यूयॉर्क, इ.स. १९०९, मृत्यू : इ.स. १९८१) हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ, वैद्यकाचे अध्यापक आणि प्रतिक्षमताविज्ञानातील संशोधक होते. इ.स. १९४६ ते १९७४ या काळात ते बॉस्टन येथील बालरुग्णालयाचे प्रमुख वैद्य आणि हार्वर्ड विद्यापीठात बालवैद्यकाचे प्राध्यापक होते. काही मुलांच्या शरीरात जन्मतःच प्रतिपिंडे तयार होत नाहीत. निरोगी माणसांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे टोचून अशा मुलांना जगवता येते काय, त्यासाठी किती मात्रा लागते, ती किती दिवसांच्या अंतराने आणि कोणत्या मार्गाने द्यावी, या प्रश्नांचा छडा लावणाऱ्या पहिल्या वैद्यांत त्यांची गणना होते.

त्यांचे पुत्र चार्ल्स जेनवे (धाकटे) हेही नामवंत प्रतिक्षमताशास्त्रज्ञ होते. नावांतील साम्यामुळे या दोघांत अनेकदा गल्लत होते. प्रस्तुत लेख पित्याविषयी आहे.

घराणे आणि शिक्षण

जेनवे यांच्या घराण्यात वैद्यकी पिढीजात होती. आजोबा एडवर्ड गॅमेलियल जेनवे हे न्यूयॉर्कमधील नावाजलेले वैद्य होते. हृदयाच्या अंतःस्तराला जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांच्या तळहातांवर व तळपायांवर उमटणाऱ्या, न दुखणाऱ्या लालसर डागांना आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वडील थिओडोर कॉल्डवेल जेनवे यांनी रक्तदाबाच्या मापनावर १९०४ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते वैद्यकाचे पहिले पूर्णवेळ प्राध्यापक झाले. खाजगी व्यवसाय सोडून केवळ अध्यापन व संशोधन करणारा प्राध्यापक ही कल्पना तेव्हा नवी होती, आणि अनेकांना ती रुचत नव्हती.

१९१७ च्या डिसेंबरात थिओडोर जेनवे न्यूमोनियाने वारले. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस आणि चार्ल्सचे आठ वर्षांचे होते. ज्या जंतूंनी वडील नेले त्याच प्रकारच्या जंतूंशी मुलाची पुढे आयुष्यभर गाठ पडली. तेवढ्यावरून एकाचे कारण दुसऱ्यात शोधणे मात्र घाईचे ठरेल, कारण वैद्यकी त्या घरात तशीही चालत आलेलीच होती.

चार्ल्स यांनी १९३० मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतली. वैद्यकाचा अभ्यास कॉर्नेल येथे सुरू करून १९३४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून ते वैद्यकीय पदवीधर झाले. त्यानंतरचे त्यांचे बहुतेक आयुष्य बॉस्टनमध्ये गेले. त्यांचे प्रशिक्षण प्रौढांच्या वैद्यकातील होते, बालवैद्यकातील नव्हे. त्याला जंतुशास्त्राची जोड त्यांनी हार्वर्डमध्ये दिली. पुढे बालरुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली ती याच वेगळ्या पूर्वतयारीमुळे, असे म्हणता येते.

युद्धकाळातील रक्तप्रकल्प

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रक्तद्रवाची मागणी अफाट वाढली. रक्तद्रवाच्या बाटल्या अवजड असत आणि जहाजावर जागा थोडी असे. हार्वर्डमधील रसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांनी थंड अल्कोहोल वापरून रक्तद्रवातील प्रथिने एकमेकांपासून वेगळी करण्याची रीत बसवली. तापमान शून्याखाली ठेवून अल्कोहोलचे प्रमाण आणि द्रवाची आम्लता टप्प्याटप्प्याने बदलली की एकेक प्रथिन तळाशी बसते आणि ते गोळा करता येते. कोन यांनी या अंशांना क्रमांक दिले. पाचव्या अंशात अल्ब्युमिन मिळे व युद्धाला तेच हवे होते. दुसऱ्या अंशात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांचा मुख्य साठा, येई. सैन्याच्या दृष्टीने ते उपउत्पादन होते.

प्रयोगशाळेत तयार झालेले पदार्थ माणसांवर तपासण्याच्या कामात जेनवे यांच्यावर मोठी जबाबदारी होती. या कामाची एक बाजू काळी आहे. मानवी रक्त कमी पडेल या भीतीने गाईबैलांच्या रक्तातील अल्ब्युमिन वापरता येईल काय, याची चाचपणी झाली. १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉरफोक येथील कारागृहात कैद्यांनी स्वेच्छेने या चाचणीत भाग घेतला. परक्या प्राण्याच्या प्रथिनामुळे काहींना ताप, सांधेदुखी आणि अंगावर गांधी उठणे असा विकार जडला आणि एका कैद्याचा मृत्यू झाला. गोवंशीय अल्ब्युमिनचा प्रकल्प पुढे गुंडाळण्यात आला. तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारीत नसे. आजच्या नियमांनुसार अशा चाचणीला परवानगी मिळणे कठीण आहे.

मानवी गॅमा ग्लोब्युलिनची कहाणी वेगळी ठरली. हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र केल्यामुळे त्यात गोवरासारख्या नेहमीच्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडे असत, आणि वेगळ्या काढलेल्या अंशात ती मूळ रक्तद्रवाच्या कितीतरी पट दाट होत. १९४४ मध्ये जेनवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवरावरील वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिलाडेल्फियात जोसेफ स्टोक्स यांचा गट त्याच वेळी हेच काम करीत होता. गोवर झालेल्या मुलाच्या संपर्कात आलेल्या बालकाला पहिल्या काही दिवसांतच मोठी मात्रा टोचली तर गोवर निघतच नसे. मात्रा लहान असली तर गोवर निघे, पण सौम्य, आणि त्या सौम्य गोवरानेही मुलाला पुढची कायमची प्रतिक्षमता मिळे. म्हणून धडधाकट मुलाला मुद्दाम लहान मात्रा आणि अशक्त तान्ह्याला मोठी, असा विवेक वैद्य करू लागले. साध्या रक्तद्रवातून कावीळ पसरण्याचा धोका असे. या रीतीने काढलेल्या आणि स्नायूत टोचलेल्या गॅमा ग्लोब्युलिनबाबत मात्र तसा अनुभव आला नाही.

प्रतिपिंडांविना जन्मलेली मुले

युद्ध संपले तेव्हा बॉस्टनच्या वैद्यांपाशी एक विश्वासार्ह औषध होते, पण त्याचा उपयोग थोडक्या दिवसांपुरताच होता. १९५२ मध्ये ते चित्र बदलले.

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन हे बालरोगतज्ज्ञ एका आठ वर्षांच्या मुलावर उपचार करीत होते. चार वर्षांत एकोणीस वेळा त्याच्या रक्तात जंतू पसरले होते. लस टोचूनही त्याच्या रक्तात प्रतिपिंडे दिसेनात. विद्युत्-संचारण या पद्धतीने त्याच्या रक्तरसातील प्रथिने वेगळी केली तेव्हा आलेखावर गॅमा ग्लोब्युलिनचा उंचवटाच नव्हता. ब्रूटन यांनी त्याला दर महिन्याला त्वचेखाली गॅमा ग्लोब्युलिन टोचण्यास सुरुवात केली आणि वर्षभराहून अधिक काळ तो मुलगा त्या जीवघेण्या संसर्गापासून मुक्त राहिला. १९५२ मध्ये त्यांनी हा वृत्तांत अगॅमाग्लोब्युलिनेमिया या नावाने प्रसिद्ध केला.

बॉस्टनमध्येही वारंवार जंतुसंसर्ग होणारी अशीच मुले जेनवे यांच्या देखरेखीखाली होती. रक्तद्रव वेगळे करणारी प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर असल्याने त्यांच्याही रक्तरसाची तपासणी झाली आणि तोच अभाव आढळला. कोणाचे नाव आधी, यावरून वाद होऊ शकला असता. तसे झाले नाही. ब्रूटन, लिओनार्ड ॲप्ट, डेव्हिड गिटलिन आणि जेनवे या चौघांनी त्याच वर्षी संयुक्त शोधनिबंध प्रसिद्ध केला. आजाराला नाव ब्रूटन यांचे मिळाले, आणि ते योग्यच होते. मात्र एका मुलावरून काढलेला निष्कर्ष अनेक मुलांवर तपासून पाहण्याचे दीर्घ काम बॉस्टनमध्ये झाले.

या मुलांच्या इतिहासात एक ठरावीक क्रम दिसे. जन्मल्यावर पहिले काही महिने मूल ठणठणीत असे, कारण गर्भात असताना आईची प्रतिपिंडे नाळेतून त्याच्याकडे आलेली असत. तो साठा सरला की कान फुटणे, न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा दाह, सांध्यांत पू होणे अशी रांग लागे. पेनिसिलिनने प्रत्येक आजार बरा होई आणि पुढच्या महिन्यात नवा येई. पेनिसिलिन येण्यापूर्वी अशी मुले पहिल्या-दुसऱ्या आजारातच दगावत, त्यामुळे त्यांच्या रक्तात काय नाही हे कोणाच्या लक्षात येण्याइतकी ती जगतच नसत. जन्मजात प्रकारातील रुग्ण मुलगेच होते. कित्येक घरांत त्यांचे भाऊ किंवा मामा लहानपणी वारल्याची नोंद सापडे. दोष मातेकडून क्ष गुणसूत्रावरून येतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

एक निरीक्षण वैद्यांना चकित करणारे होते. याच मुलांना गोवर आणि कांजिण्या झाल्या तर त्यांतून ती बहुधा इतरांसारखीच बरी होत. प्रतिपिंडे नाहीत, तरी काही विषाणूंशी शरीर झुंजते, याचा अर्थ संरक्षणाची दुसरीही एखादी फळी असली पाहिजे. पेशींवर आधारलेल्या प्रतिक्षमतेची कल्पना पुढे दृढ झाली, तिला या मुलांच्या आजारपणांनी आधार दिला.

मात्रा, अंतर आणि वेदना

उपचार सिद्ध करणे दिसते तितके सोपे नव्हते. अर्ध्या मुलांना औषध द्यायचे आणि अर्ध्यांना नाही, अशी तुलना येथे करवत नव्हती. ज्यांना औषध मिळाले नसते ती मुले मृत्यूच्या दारात उभी राहिली असती. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागील वर्षांशी करावी लागली.

या पद्धतीत एक फसगत दडलेली होती. काही तान्ह्या मुलांत स्वतःची प्रतिपिंडे तयार होण्यास केवळ उशीर होतो आणि काही महिन्यांनी ती आपोआप तयार होऊ लागतात. अशा मुलाला गॅमा ग्लोब्युलिन दिले तर बरे होण्याचे श्रेय फुकट औषधाला जाईल. गिटलिन आणि जेनवे यांनी १९५६ मध्ये जन्मजात, नंतर उद्भवणारा आणि तात्पुरता असे या विकाराचे तीन प्रकार वेगळे मांडले. वर्गीकरण वरवर कोरडे वाटते, पण कोणाला जन्मभर सुई लागेल आणि कोणाला नाही याचा निर्णय त्यावर अवलंबून होता.

टोचलेली प्रतिपिंडे किती काळ टिकतात हेही मोजणे आवश्यक होते. ज्या मुलाच्या रक्तात स्वतःचे गॅमा ग्लोब्युलिन नाही त्याच्या रक्तात सापडणारे सर्व ग्लोब्युलिन बाहेरून दिलेलेच असते. त्यामुळे या मुलांत ते सरत जाण्याचा वेग थेट मोजता आला. निम्मा साठा संपण्यास साधारण तीन ते चार आठवडे लागतात असे दिसून आले. महिन्यातून एकदा सुई, हा नियम या मोजणीशी जुळणारा होता.

प्रश्न मात्रेचा होता. बॉस्टनमध्ये रुळलेली मात्रा दर किलोग्रॅम वजनामागे महिन्याला सुमारे १०० मिलिग्रॅम होती. त्या काळच्या १६.५ टक्के द्रावणात ती दर किलोला ०.६ मिलिलिटर भरते. म्हणजे २० किलोच्या मुलाला एका वेळी १२ मिलिलिटर दाट द्रव स्नायूत टोचावा लागे, तोही दोन-तीन जागी विभागून. मूल जसजसे वाढे तसतशी सुई जड होई. आज शिरेवाटे दर तीन-चार आठवड्यांनी किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम देण्याची पद्धत आहे. त्या तुलनेत जेनवे यांची मात्रा तोकडी होती. तिने रक्तातील प्रमाण निरोगी माणसाच्या जवळपासही जात नसे. जीवघेणे संसर्ग तिने थांबवले, पण सायनस आणि फुप्फुसांतील चिवट संसर्ग अनेकांत चालूच राहिला आणि काहींच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावून निकामी झाल्या. जास्त द्यावे हे उमगले असते तरी स्नायूत त्याहून अधिक मावत नव्हते.

ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५६ पासून सुमारे दहा वर्षे दोन वेगवेगळ्या मात्रांची तुलना करणारी चाचणी देशभरातील रुग्णांवर केली. ती औषध विरुद्ध काहीच नाही अशी नव्हती, कमी विरुद्ध जास्त अशी होती. उपचारच नाकारण्याचा प्रश्न तोवर मागे पडला होता.

उलट टोकाचा आजार

१९५४ मध्ये जेनवे आणि सहकाऱ्यांनी आणखी काही मुलांचे वर्णन केले. यांनाही वारंवार आणि दीर्घकाळ जंतुसंसर्ग होई, परंतु त्यांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन कमी नसून उलट खूप वाढलेले होते. प्रतिपिंडे मुबलक असूनही मूल आजारी, याचे कोडे त्या वेळी उलगडले नाही. पुढे मिनेसोटातील रॉबर्ट गुड यांच्या गटाने हा आजार स्वतंत्रपणे अभ्यासला, आणि १९६० च्या दशकात दोष पांढऱ्या पेशींत असल्याचे दिसून आले. या पेशी जंतूंना गिळतात, पण मारू शकत नाहीत. दीर्घकालीन कणार्बुदी रोग म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे पहिले वर्णन म्हणून १९५४ च्या त्या निबंधाचा निर्देश केला जातो. अशा मुलांना बाहेरून प्रतिपिंडे टोचून काही साधणार नव्हते. औषध कोणाला लागू पडत नाही हे कळणे हाही त्याच्या परीक्षेचा भाग असतो.

फ्रेड रोझेन हे जेनवे यांचे या कामातील निकटचे तरुण सहकारी. १९६१ मध्ये रोझेन, जेनवे आणि इतरांनी ज्यांच्या रक्तात मोठ्या रेणूंची प्रतिपिंडे जास्त आणि नेहमीची लहान प्रतिपिंडे कमी आहेत अशा मुलांची नोंद केली. १९६६ मध्ये या दोघांनी गॅमा ग्लोब्युलिनांविषयी लिहिलेली लेखमाला त्या विषयातील संदर्भसाहित्य ठरली.

शिरेवाटे देण्याचा प्रयत्न

स्नायूतील सुईचा त्रास पाहता औषध सरळ शिरेत का देत नाहीत, हा प्रश्न कोणाही पालकाच्या मनात येईल. तो वैद्यांच्याही मनात होता. परंतु कोन यांच्या रीतीने काढलेले गॅमा ग्लोब्युलिन शिरेत दिले की रुग्णाला थंडी वाजून ताप येई, धाप लागे, रक्तदाब कोसळे. प्रतिपिंडे नसलेल्या मुलांत ही प्रतिक्रिया विशेष तीव्र असे, म्हणजे ज्यांना औषधाची सर्वाधिक गरज तेच त्याला सर्वांत कमी सोसत. प्रक्रियेत काही रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या बनतात आणि त्या शरीरातील पूरक प्रथिनांना विनाकारण चेतवतात, हे कारण स्वित्झर्लंडमधील सिल्व्हिओ बारांडुन यांच्या १९६० च्या दशकातील कामातून पुढे आले.

गुठळ्या टाळण्यासाठी प्रतिपिंडांचे रेणू विकरांनी तोडून पाहिले गेले. तुकडे शिरेतून सोसत, पण ते टिकतात किती? जेनवे, रोझेन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये निरोगी माणसांत आणि या रुग्णांत अशा तुकड्यांची गती मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेणू जितका अधिक तुटलेला तितका तो शरीरातून लवकर जातो, ही या मार्गातील मोठी अडचण होती. अखंड रेणू सुरक्षितपणे शिरेत देण्याची रीत सापडेपर्यंत जुनी सुईच चालू राहिली.

रुग्णालय आणि अध्यापन

बालरुग्णालयाचे प्रमुखपद जेनवे यांनी अठ्ठावीस वर्षे सांभाळले. वडिलांनी बॉल्टिमोरमध्ये स्वीकारलेली पूर्णवेळ अध्यापकाची चौकट त्यांनी बॉस्टनच्या बालवैद्यकात रुजवली. हृदय, मूत्रपिंड, रक्त, अंतःस्रावी ग्रंथी अशा शाखांचे स्वतंत्र विभाग तेथे वाढले. जॉन एंडर्स यांची विषाणू प्रयोगशाळा याच रुग्णालयात होती. पोलिओचा विषाणू मज्जातंतूंव्यतिरिक्त इतर ऊतींत वाढवता येतो हे एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये तेथेच दाखवले, आणि त्यासाठी तिघांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जेनवे यांना बॉस्टनबाहेरच्या बालकांचीही आस्था होती. इराणमधील शिराझ आणि आफ्रिकेतील कॅमेरून येथील वैद्यकीय शिक्षणाच्या उभारणीत त्यांनी साहाय्य केले. निरनिराळ्या देशांतील तरुण बालरोगतज्ज्ञ त्यांच्याकडे शिकून गेले. रुग्णालयाच्या कारभारामुळे प्रयोगशाळेतील रोजचे काम मात्र हळूहळू गिटलिन, रोझेन यांसारख्या सहकाऱ्यांकडे गेले. त्यांच्या नावावरील शोधनिबंधांपैकी पुष्कळ सामुदायिक आहेत, त्यामुळे एकट्या जेनवे यांचा वाटा त्यांतून वेगळा काढणे अवघड जाते.

अखेर आणि त्यानंतर

जेनवे १९८१ मध्ये निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस शिरेवाटे देता येणारे गॅमा ग्लोब्युलिन अमेरिकेत पहिल्यांदा मान्यता पावले. स्नायूच्या क्षमतेने घातलेली मर्यादा त्यामुळे नाहीशी झाली, आणि मात्रा चार-पाच पट वाढवल्यास न्यूमोनिया आणि रुग्णालयातील मुक्काम कमी होतो, हे पुढच्या वर्षांतील चाचण्यांत दिसून आले. ब्रूटन यांनी १९५२ मध्ये वापरलेला त्वचेखालचा मार्गही नंतर पुन्हा प्रचारात आला. लहान पंपाच्या साहाय्याने रुग्ण घरीच औषध घेऊ लागले.

जन्मजात अगॅमाग्लोब्युलिनेमियाला कारणीभूत असलेले क्ष गुणसूत्रावरील जनुक १९९३ मध्ये दोन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे शोधले. त्यापासून बनणाऱ्या विकराला ब्रूटन यांचे नाव देण्यात आले आहे. जेनवे यांचे पुत्र चार्ल्स (१९४३–२००३) हे येल विद्यापीठात प्राध्यापक होते. शरीर जंतूंना त्यांच्या ठरावीक रेणुखुणांवरून प्रथम ओळखते, हा सिद्धान्त त्यांनी १९८९ मध्ये मांडला.